सागरतीरची खालची खोली

कोल्हापूरला समुद्र नाही, पण रंकाळा आहे, आणि अस्सल कोल्हापूरकर समुद्राची हौस त्यावरच भागवतो. चौपाटीची गर्दी मागं टाकून काठाकाठानं थोडं पुढं गेलं की काळ्या दगडाची एक दुमजली इमारत लागते. संस्थानच्या काळात कुणा सरदारानं हवा खायला ती बांधली होती. पुढं हॉटेलमालक भाऊसोंच्या वडिलांनी ती विकत घेतली, तिचं हॉटेल केलं आणि दारावर पाटी लावली, हॉटेल सागरतीर. गावानं चेष्टा केली. "तीर दिसतोय, सागर कुठं हाय?" असं लोक विचारायचे. पण वारा सुटलेला असताना वरच्या मजल्यावरच्या लाकडी सज्जात उभं राहिलं की रंकाळ्यावर लाटा दिसायच्या, आणि परगावचा पाहुणा घटकाभर गप्प व्हायचा. हॉटेल त्या सज्जावरच चाललं होतं.

मीनाबाई कांबळे या हॉटेलात खोल्या झाडण्या-पुसण्याचं काम करायची. नवरा ज्ञानू कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात हंगामी कामगार होता, तो काविळीनं गेला. पदरात एक मुलगी, प्रीती. बावड्यातल्या भाड्याच्या खोलीतून मीनाबाई रोज सकाळी यायची, पदर खोचायची आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात करायची. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत शालूबाई राहायच्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे.

सिस्टर काही हॉटेलच्या गिऱ्हाईक नव्हत्या. भाऊसोंची आई अंथरुणाला खिळली तेव्हा दवाखान्यातली नोकरी सोडून त्या म्हातारीच्या सेवेला येऊन राहिल्या होत्या. बरीच वर्षं त्यांनी तिचं सगळं केलं. म्हातारी गेल्यावर सिस्टरांनी ट्रंक भरली, तर भाऊसो म्हणाले, "कुठं निघाला? ही खोली तुमची. तुम्ही हाईसा तंवर तुम्हाला हितनं कोण उठवणार न्हाय." कागद झाला नाही. भाऊसोंनी शब्द दिलाय म्हटल्यावर कागद मागायचं सिस्टरांच्या मनातही आलं नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. जयसिंगपूरला भाचा होता, कृष्णात, त्याचं धान्याचं दुकान होतं. दिवाळीला तो फराळ पाठवायचा. नातं तेवढंच उरलं होतं.

हॉटेलच्या भटारखान्यात मीनाबाईचा कप वेगळा होता. मोरीच्या कडेला तो पालथा घातलेला असायचा. त्यावर कुणी काही बोलायचं नाही, ती पण नाही. पण वरच्या खोलीत सिस्टर स्टोव्हवर चहा करायच्या आणि आपल्या दोन कपांतला जो हाताला येईल तो तिच्यापुढं ठेवायच्या. "बस. गार हुतोय," एवढंच म्हणायच्या. प्रीतीला टायफॉईड झाला तेव्हा सिस्टर स्वतः रिक्षानं बावड्यात आल्या, पोरीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसल्या आणि ताप उतरल्यावरच परत गेल्या. शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या. "ह्या कोण तुमच्या?" एकीनं विचारलं. मीनाबाई पट्ट्यांचं पाणी बदलायला उठली.

चौऱ्याण्णव साली भाऊसो गेले. हॉटेल मुलाच्या, पृथ्वीराजच्या हातात आलं. तो पुण्याला शिकलेला, स्वभावानं मऊ, पण हिशेब त्याला कळत होता. पाहुणे आता स्टेशनजवळच्या लिफ्टच्या हॉटेलांत उतरायचे. सागरतीरच्या खोल्या निम्म्या रिकाम्या असायच्या, छपराला गळती लागली होती, आणि त्यातच रंकाळ्यात जलपर्णी माजली. उन्हाळ्यात असा वास सुटायचा की सज्जात कुणी बसायचं नाही. एका बिल्डरनं त्याला सुचवलं की दगडी दर्शनी बाजू आणि सज्जा आहे तसा ठेवायचा आणि आतल्या भिंती पाडून फ्लॅट काढायचे. जुन्या इमारतीत राहायला आता लोकांना आवडतं. पृथ्वीराजला पटलं. माणसांचे हिशेब झाले, आचारी हुपरीला गेला, वाढपी पांगले. उरल्या फक्त सिस्टर.

पृथ्वीराजनं त्यांना सरळच सांगितलं. "सिस्टर, तुमच्यासाठी राजारामपुरीत चांगली खोली बघतो."

"तिथनं पाणी दिसतंय का?"

पृथ्वीराजची नजर सज्जाकडं गेली.

"मग मला काय करायची? तुझ्या वडिलांनी शब्द दिलाय मला. तू त्याचा लेक न्हवं का?"

तो उठून गेला. त्यानं पाणी तोडलं नाही की माणसं पाठवली नाहीत, तो त्यातला नव्हता. आठवड्यानं त्यानं मीनाबाईला खालच्या रिकाम्या जेवणघरात बोलावलं. टेबलं एकावर एक रचून ठेवलेली होती.

"मीनाबाई, तुमचं राहायचं काय ठरलं?"

बावड्यातला मालक चाळ पाडून नवी घरं बांधणार होता आणि त्यानं खोली सोडायला सांगितलं होतं, हे पृथ्वीराजला माहीत होतं. मीनाबाई म्हणाली, "बघतोय कुठंतरी. पोर वाढत्या वयाची हाय, कुठंबी ठेवून चालत न्हाय."

"मागची धोब्याची खोली आहे ना, ती मी तुमच्या नावावर करून देतो. कायदेशीर. प्रीतीची शाळाही जवळ पडेल." तो थोडा थांबला. "सिस्टर माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. कृष्णातरावांशी मी बोललोय, ते सांभाळायला तयार आहेत. तुम्ही फक्त त्यांना तिकडं नेऊन सोडा."

"आणि परत?"

पृथ्वीराज खिडकीतून बाहेर बघत होता. "म्हातारपणी आपली माणसंच बरी, मीनाबाई."

ते दोन दिवस मीनाबाईच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, म्हातारपणी आपली माणसंच बरी. तिनं ते इतक्या वेळा घोळवलं की ते तिला आपलंच वाटायला लागलं. सिस्टरांना दमा आहे, रात्रीअपरात्री काही झालं तर कोण बघणार? भाचा रक्ताचा आहे. बांधकाम सुरू झालं की धुळीत त्या राहणार कशा? सगळं खरंच होतं. फक्त हे सिस्टरांना कुणी विचारलं नव्हतं, आणि तेवढी जागा सोडून तिनं बाकी सगळा विचार केला.

तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता ती म्हणाली, "सिस्टर, खोली रंगवायला काढायची म्हणतायत मालक. वास तुम्हाला सोसायचा न्हाय. चार दिवस कृष्णातभाऊंकडं जाऊन या की."

सिस्टरांनी तिच्याकडं पाहिलं. "मला घालवून द्यायचा बेत न्हवं ह्या पोराचा?"

"न्हाई वो."

"तू येतीस का संगं?"

"सोडायला येतो, आणायलाबी येतो," मीनाबाई म्हणाली.

पहिली थाप कदाचित नाइलाजाची होती. दुसरी कुणी मागितली नव्हती. पुढं कितीतरी वर्षं मीनाबाईला भांडी घासताना, बसच्या रांगेत उभी असताना, ते 'आणायलाबी' आठवायचं आणि हातातलं काम थांबायचं.

एस. टी.च्या सांगली गाडीत सिस्टरांना खिडकीची जागा मिळाली. हातकणंगल्यापर्यंत त्या बोलत होत्या, शेतातला ऊस दाखवत होत्या, पुढं मीनाबाईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. जयसिंगपुरात कृष्णात दारातच उभा होता. त्याची नजर मीनाबाईच्या नजरेला भिडली आणि लगेच बाजूला झाली. त्याच्या बायकोनं भाकरी-पिठलं वाढलं. निघताना सिस्टर फाटकापर्यंत आल्या आणि कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"तुळशीला पाणी घाल. आणि रंग झाला की खिडक्या उघड्या टाक, न्हायतर वास बसंल."

मीनाबाईनं किल्ली मुठीत धरली आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती पृथ्वीराजच्या टेबलावर ठेवली. खोली आवरली तीही तिनंच, दुसऱ्या कुणाचा हात सिस्टरांच्या कपड्यांना लागू नये म्हणून. पातळं घड्या घालून ट्रंकेत ठेवली, इंजेक्शनची स्टीलची पेटी फडक्यात गुंडाळली, दोन्ही कप वर्तमानपत्रात बांधले. टेम्पो निघाला तेव्हा ती मागच्या बाजूला नळावर हात धूत होती. बराच वेळ धूत होती.

सामान पोचल्यावर सिस्टरांनी काय केलं, हे तिला टेम्पोवाल्याकडून कळलं. ट्रंकेवर बसून राहिल्या.

मीनाबाई धोब्याच्या खोलीत राहायला आली. भिंती दगडी, जमीन शहाबादी फरशीची, एक खिडकी कंपाऊंडच्या भिंतीकडं. पाणी दिसत नव्हतं, पण छप्पर पक्कं होतं आणि आता कुणी उठवणारं नव्हतं. पृथ्वीराजनं शब्द पाळला, कागद करून दिला. प्रीती नव्या खोलीत नाचली. मीनाबाईनं भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो लावला, मेणबत्ती लावली, हात जोडले आणि लगेच कामाला लागली.

पुढल्या साली बांधकाम अर्ध्यावर आलं होतं. आतल्या भिंती पडल्या होत्या, दगडी चेहरा तेवढा उभा होता. एके दिवशी अकराच्या सुमारास मीनाबाई मागं धुणं वाळत घालत होती. फाटकाशी वॉचमन पिराजीचा आवाज आला आणि पाठोपाठ दुसरा, ओळखीचा.

"मीना हाय का? मीनाबाई कांबळे?"

ओल्या चादरीआडून मीनाबाईनं पाहिलं. सिस्टर उभ्या होत्या. हातात काळी छत्री, पायात कापडी बूट. एकट्याच एस. टी.नं आल्या होत्या. पहिल्यापेक्षा बारीक झाल्या होत्या. पिराजीनं मान वळवून मागं बघितलं. मीनाबाईनं चादरीच्या कडेतून हात बाहेर काढला आणि नाही म्हणून हलवला.

पिराजी पुन्हा सिस्टरांकडं वळला. मग म्हणाला, "न्हाय वो आक्का. गावाला गेल्यात."

"कधी येणार?"

"ठावं न्हाय."

सिस्टरांनी मान वर करून इमारतीकडं पाहिलं. सज्जा होता तिथंच होता, मागं खोली नव्हती, नुसतं आभाळ दिसत होतं. मग त्या रस्ता ओलांडून तलावाच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. मीनाबाई खोलीत गेली, दार लावलं आणि खाटेच्या कडेवर बसली. दार उघडून बाहेर जाणं एवढंच करायचं होतं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या, फार तर थोबाडीत मारली असती. पण ती उठली नाही. ऊन कलल्यावर पिराजीनं दार वाजवलं.

"गेल्या," तो म्हणाला. तो विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही, पण त्या दिवसापासून तो मीनाबाईशी कामापुरतंच बोलायला लागला.

सागरतीर अपार्टमेंट उभं राहिलं. फ्लॅट भराभर गेले. वकील आले, डॉक्टर आले, जयसिंगपूरचा एक तंबाखूचा व्यापारी आला. मीनाबाईला तिथंच चार घरची कामं मिळाली. वरचा कोपऱ्यातला फ्लॅट संयोगिताताईंचा होता. त्या कॉलेजात शिकवायच्या, मोकळ्या स्वभावाच्या. सिस्टरांची खोली आता त्यांचं स्वयंपाकघर झाली होती. जिथं पलंग होता तिथं फ्रीज, स्टोव्हच्या जागी गॅसचा ओटा. मीनाबाई रोज तिथं फरशी पुसायची. संयोगिताताई कौतुकानं पाहुण्यांना सज्जा दाखवायच्या, "इथून बघा, अगदी समुद्रावर राहिल्यासारखं वाटतं," म्हणायच्या. मीनाबाई बादली उचलून दुसऱ्या खोलीत जायची.

प्रीती मोठी झाली, बारावी झाली, एका दुकानात हिशेबाला लागली. अधूनमधून विचारायची, "आई, सिस्टरआजी कुठं असतात गं आता? एकदा जाऊया की." मीनाबाई म्हणायची, "जाऊ. सवड काढून जाऊ." दहा वर्षांत ती सवड निघाली नाही.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात पंचगंगा चढली आणि उतरायचं नावच घेईना. पुलांवर पाणी आलं, गाड्या बंद झाल्या. शिरोळ तालुका पाण्याखाली गेल्याच्या बातम्या टीव्हीवर येत होत्या. होड्यांतून म्हाताऱ्या माणसांना काढताना दाखवत होते. मीनाबाई संयोगिताताईंच्या दिवाणखान्यात उभी राहून ते बघायची, प्रत्येक म्हातारीचा चेहरा नीट बघायची. रस्ता खुला झाला त्या दिवशी कुणाला न सांगता तिनं गाडी धरली.

जयसिंगपूर गावात पाणी शिरलं नव्हतं, पण घरोघरी पूरग्रस्त सोयरे येऊन राहिले होते. कृष्णातच्या घरात सासरची बारा-पंधरा माणसं होती, दारात चपलांचा ढीग होता. कृष्णातनं तिला ओळखलं.

"आत्या मागं हायत. जागाच न्हवती वो," असं तो न विचारताच म्हणाला.

मागं धान्याचं गोदाम होतं. ज्वारीच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये एक खाट टाकलेली होती. सिस्टर तिच्यावर बसल्या होत्या, अंगावर शाल, पावसाळी हवेत धाप लागलेली. चेहरा सुकला होता, पण डोळे तसेच होते. त्यांनी मीनाबाईकडं बराच वेळ पाहिलं.

"आलीस व्हय न्ह्यायला? लई लवकर आलीस."

मीनाबाई खाली बसली. तिनं पायांना लावायला हात पुढं केला तर सिस्टरांनी पाय वर घेतले.

"कृष्णात सांगत हुता, खोली मिळाली न्हवं तुला?"

"मिळाली."

"नावावर?"

"व्हय."

"केवढी हाय?"

"मी आणि प्रीती, दोघींपुरती हाय."

"मग तिसरं माणूस मावंल की." सिस्टरांनी खाटेखालची ट्रंक पायानं पुढं ढकलली. "ती खोली तुझी न्हवं. माझ्या खोलीच्या बदल्यात मिळालीया. म्हंजे माझीच हाय. ऊठ, ट्रंक उचल."

कृष्णात मध्ये पडला. म्हणाला, पाहुणे गेले की आत्याची खोली रिकामी होईल. आणि जरा आवाज खाली आणून, मीनाबाई ऐकते आहे हे माहीत असूनही, "आत्या, लोक काय म्हणतील? कांबळ्यांच्या घरी..."

"पोत्यात टाकलंस तवा लोक आलते का बघायला?" सिस्टर म्हणाल्या. "रिक्षा बलीव."

असं करून त्या सागरतीरला परत आल्या. वरच्या सज्जाच्या खोलीत नव्हे, मागच्या धोब्याच्या खोलीत. मीनाबाईनं आपली खाट त्यांना दिली आणि स्वतः खाली अंथरूण टाकलं. प्रीतीला आनंद झाला. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, तुम्ही इथनं गेलाच का होता?"

"तुझ्या आईनं फसवून न्हेलं मला," सिस्टर म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. रंगाची थाप, एस. टी., किल्ली, टेम्पो. आवाज चढवला नाही. मीनाबाई चुलीपुढं पाठमोरी बसून भाकरी थापत होती. प्रीती उठून बाहेर गेली. त्या रात्री ती जेवली नाही, आणि पुढं बरेच दिवस आईशी बोलताना तिच्या तोंडावर बघायची नाही. एकदाच म्हणाली, "आपण ह्या खोलीत राहतोय ते असं?" मीनाबाईनं हो म्हटलं.

सिस्टरांनी ती गोष्ट घरात ठेवली नाही. दुपारी त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. भाजीवालीला सांगितली. संयोगिताताई भेटायला आल्या, त्यांनाही सांगितली. "ह्या मीनानं मला माझ्या खोलीतनं काढलं बघा. आणि आता हीच माझं पाय चेपती." त्यात राग असायचा, पण थोडी चवही असायची. सांगून झालं की त्या मीनाबाईला हाक मारायच्या, "खरं हाय का न्हाय गं?" आणि मीनाबाई आतून म्हणायची, "खरं हाय." संयोगिताताई अवघडून उठल्या. आपल्या सज्जाबद्दल त्यांनी त्यानंतर पाहुण्यांपुढं फारसं बोलणं सोडलं.

मीनाबाईला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट चारचौघांत अशी मान खाली घातली की तिच्या छातीवरचं ओझं घटकाभर हलकं व्हायचं. तिला न सोसणारी गोष्ट वेगळी होती. सगळं सांगून झाल्यावर सिस्टर शेवटी एक वाक्य जोडायच्या. "मी एकदा आलते हितं, एस. टी.नं. ही गावाला गेलती. नशीब माझं. असती तर धावत आली असती, एवढं मला ठावं हाय."

एकदा त्या असं म्हणाल्या तेव्हा पिराजी जवळच हौद भरत होता. त्यानं मीनाबाईकडं पाहिलं आणि नळ सोडून निघून गेला. पाणी हौदावरून वाहत राहिलं.

सांगावं का, हा विचार तिनं शंभरदा केला. सांगितलं तर आपलं मन मोकळं होईल, पण ह्या म्हातारीच्या मनात आपल्याबद्दल एक चांगली गोष्ट राहिली आहे, ती जाईल. मग ती आपल्यासाठी गप्प राहते की त्यांच्यासाठी, हे तिचं तिलाच कळायचं नाही. असं दीड-दोन वर्षं चाललं.

एका हिवाळ्यात सिस्टरांना ताप आला. उतरल्यावर त्या अशक्त झाल्या, बोलणं कमी झालं. एका दुपारी त्यांनी प्रीतीला जवळ बसवलं. मीनाबाई त्यांच्या पायांना तेल लावत होती.

"तू आईशी नीट बोलत न्हाईस, मी बघतोय की," सिस्टर म्हणाल्या. "असं करू नगंस. तुझी आई एकदाच चुकली. एकदा कोणबी चुकतंय."

प्रीतीनं मान खाली घातली. मीनाबाईचा हात थांबला. तो 'एकदाच' शब्द तिच्यानं ऐकवेना.

"एकदाच न्हवं," ती म्हणाली.

दोघींनी तिच्याकडं पाहिलं.

"तुम्ही आलता त्या दिवशी मी हितंच होतो, सिस्टर. चादरीच्या मागं. पिराजीला मीच खुणावलं न्हाय म्हणून सांगायला. तुम्ही कट्ट्यावर बसला होता, ते मला ठावं होतं. मी दार लावून आत बसलो."

सिस्टरांनी पाय हळूच आखडून घेतले आणि शाल पायांवर ओढली. भिंतीकडं तोंड केलं. मीनाबाई तेलाची वाटी हातात धरून तिथंच बसून राहिली. थोड्या वेळानं प्रीतीनं ती वाटी तिच्या हातातून काढून घेतली.

दोन दिवस सिस्टर मीनाबाईच्या हातचं जेवल्या नाहीत. प्रीतीनं भरवलं तेवढं खाल्लं. तिसऱ्या दिवशी प्रीती कामाला गेली होती. मीनाबाईनं भात कालवून पुढं ठेवला, तो त्यांनी हळूहळू खाल्ला. त्यानंतर रोज खात होत्या. चहा मागत होत्या, कूस बदलायला हाक मारत होत्या. पण दाराबाहेर खुर्चीवर बसल्यावर ती गोष्ट त्यांनी पुन्हा कुणालाही सांगितली नाही. भाजीवालीनं एकदा आपणहून विषय काढला, "तुमचं ते खोलीचं..." तर सिस्टर म्हणाल्या, "मेथी कशी दिलीस?"

मीनाबाई आत कान देऊन बसायची, आता म्हणतील, खरं हाय का न्हाय गं. त्या म्हणायच्या नाहीत. इतके दिवस चारचौघांत ऐकलेली शिवी आता ऐकू येत नव्हती, आणि तिची वाट बघण्यात मीनाबाईची दुपार जायची. सिस्टरांना जे आधी दुखत होतं ते बोलता येण्याजोगं होतं, आणि आता जे दुखतंय ते त्यांना बोलताही येत नाही, हे तिला समजत होतं. एकदा धीर करून ती म्हणाली, "सिस्टर, काहीतरी बोला. शिव्या द्या."

"काय बोलू?" सिस्टर म्हणाल्या. "उशी वर घे जरा."

प्रीती मात्र त्या दुपारपासून आईशी पहिल्यासारखी बोलायला लागली. का, ते तिनं सांगितलं नाही. मीनाबाईनं विचारलंही नाही.

पुढल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला सिस्टरांचा दमा वाढला. दवाखान्यात जायला त्यांनी नकार दिला. शेवटचे दिवस त्या अंथरुणावरूनच हुकूम सोडायच्या, डाव्या कुशीवर घे, पाठीखाली फडकं सरळ कर, पाणी चमच्यानं दे, एकदम ओतू नगंस. मीनाबाई सांगतील तसं करायची. एका सकाळी मीनाबाईनं त्यांचं तोंड पुसलं तेव्हा सिस्टरांनी तिचं मनगट धरलं. काहीतरी म्हणतील असं वाटून ती वाकली. त्यांनी दोन बोटांनी तिची नाडी बघितली, सवयीनं बघावी तशी, आणि हात सोडून दिला. त्या दुपारी त्या गेल्या.

कृष्णात आला, पंचगंगेच्या घाटावर सगळं त्यानं रीतीनं केलं. तो मीनाबाईपुढं उभा राहून रडला. म्हणाला, "आम्ही रक्ताची माणसं, पण केलं तुम्ही." दहाव्याच्या दिवशी फ्लॅटमधली माणसं खोलीत येऊन गेली. संयोगिताताईंनी तिचा हात हातात घेतला. "मीनाबाई, पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं तुम्ही त्यांचं केलंत," त्या म्हणाल्या. दारात पिराजी उभा होता. तो आता म्हातारा झाला होता. तो आत येऊन बसला, आणि प्रीतीनं दिलेला चहा त्यानं घेतला.

त्यानंतरही लोक तेच म्हणत राहिले. सोसायटीत नवं कुणी राहायला आलं की त्यांना सांगायचे, मागच्या खोलीतल्या मीनाबाईनं कोण कुठल्या एका म्हातारीला शेवटपर्यंत सांभाळलं. मीनाबाई सुरुवातीला सांगायला बघायची, तसं न्हाय ते, ऐका तरी. पण लोक ते विनयाचं समजायचे आणि जास्तच चांगलं म्हणायचे. मग तिनं तो नाद सोडला. आता कुणी कौतुकाला सुरुवात केली की ती जागेवर थांबत नाही. उठते, बादली उचलते आणि पुढच्या घरी कामाला जाते.